गिट्टीच्या गौरी

कल्पनाताईंनी शेपूची जुडी परातीत आपटली तेव्हाच अनघाने ओळखलं, की कालचं भांडण रात्रभर छान झोप काढून सकाळी ताजंतवानं उठलेलं आहे.

“ह्याला शेपू म्हणायचं? नुसत्या काड्या.”

“इथे सोया म्हणतात, ताई. भाजीवाला भैया म्हणाला, पावसात असाच येतो.”

“भैयाने सांगितलं आणि आपण घेतलं. बँकेत मॅनेजर ना तू?”

अनघाने पीठ भिजवायला घेतलं. भांडण शेपूचं नव्हतंच. काल संध्याकाळी ताई नागपूरहून आल्या. दर वर्षी गौरीच्या तीन दिवसांसाठी त्या माहेरी लखनौला येतात, ज्वारीचं पीठ, संत्र्याची बर्फी आणि भावजयीबद्दलची ताजी मतं घेऊन. या वर्षी त्यांची पिशवी रिकामी व्हायच्या आतच अनघाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. बँकेने एक वर्षाची बिनपगारी रजा मंजूर केली आहे. दसरा झाला की ती निघणार. आधी व्हिएतनाम, लाओस, मग तुर्कस्तान, जॉर्जिया, पुढे जमेल तिथपर्यंत. पाठीवर एक सॅक, आणि ती एकटी.

“ऑफिसच्या कामाला?” ताईंनी विचारलं होतं.

“नाही.”

“मग कशाला?”

“बघायला.”

हा शब्द त्यांना फार लागला. अनघाने तीर्थयात्रा म्हटलं असतं, आर्यनच्या पुढच्या शिक्षणाची चौकशी म्हटलं असतं, अगदी मनःशांती म्हटलं असतं, तरी ताईंनी मान डोलावली असती. पण सेहेचाळीस वर्षांची बाई, नवरा मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत अधिकारी, मुलगा कॉलेजात, सासू-सासरे घरात, आणि ही नुसतं बघायला निघाली. त्यात बँकेतून प्रमोशनच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, ते हिने नाकारलेलं. “प्रथमेशला विचारलंस तरी का?” असं ताईंनी विचारल्यावर प्रथमेशने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आमटीची वाटी तोंडाला लावून त्याने जेवण संपवलं आणि फोनचं निमित्त करून बाहेर गेला.

हज़रतगंजच्या शाखेत अनघा सुरुवातीपासून परकीय चलनाच्या खिडकीवर होती. पुढे मॅनेजर झाली तरी तो विभाग तिच्याकडेच राहिला. अलीगंजचे डॉक्टर, मलिहाबादचे आंब्याचे व्यापारी, चौकातल्या चिकनच्या भरतकामवाल्यांची मुलं, सगळे तिच्याकडून नोटा घेऊन देशोदेशी गेले आणि परत येऊन तिला मिठाई देऊन गेले. जगातल्या निम्म्या राजांची तोंडं तिने नोटांवर पाहिली होती. लखनौच्या बाहेर मात्र ती क्वचितच गेली होती. एका दुपारी काउंटरवर हनोईचं नाव लिहिताना तिला एकाएकी स्वतःचा राग आला, आणि तो राग काही केल्या उतरला नाही. त्या रागातूनच हे सगळं सुरू झालं. लोक समजतात तशी ती कुठल्या दुःखातून पळत नव्हती. ती चांगली खाऊनपिऊन सुखी होती आणि तरीही तिला जायचं होतं. हे समजावणं दुःख समजावण्यापेक्षा अवघड पडतं.

“बरं, एक सांग,” ताई काड्या निवडत म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता, म्हणजे आता खरं काय ते येणार. “पुढच्या भाद्रपदात तू कुठे असशील?”

“जॉर्जियात, बहुतेक.”

“आणि गौरी?”

अनघाचा पिठातला हात थांबला.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने तयार ठेवली होती. आईंच्या गोळ्या आर्यन बघणार होता, स्वयंपाकाला बाई ठरवली होती, विमा, बँक, पासपोर्ट, सगळं झालं होतं. हाच एक प्रश्न तिने महिनोन्‌महिने बाजूला सरकवला होता. ह्या घरात खड्यांच्या गौरी. सून पाण्यावर जाते, तोंडात पाण्याची चूळ धरते, सात खडे ताम्हनात घेते आणि देवापर्यंत एक अक्षर न बोलता घेऊन येते. सासूबाई, म्हणजे सुलभाताई, लखनौत आल्यापासून यात एकदाही खंड पडलेला नाही, असं त्या स्वतःच सांगत. गुडघे गेल्यावर त्यांनी ते काम अनघाकडे दिलं. अनघा फारशी देवभोळी नव्हती, पण हे काम तिला मनापासून आवडायचं. आईंनी गौरीचं नाव घेऊन ‘जाऊ नकोस’ म्हटलं, तर आपला पाय उंबऱ्यावर अडेल, हे तिला पक्कं माहीत होतं. प्रमोशन सोडणं त्यापुढे काहीच नव्हतं.

“मी आईशी बोलणार आहे,” ताई म्हणाल्या. “आजच.”

“बोला, ताई.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते,” अनघा म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. “म्हणून निर्णय थोडाच बदलतो.”

बाहेरच्या व्हरांड्यात बाबा, म्हणजे सदाशिवराव, सात दगड बादलीत घासत बसले होते. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा मान. आणि हे दगड म्हणजे या घराची एक खास गंमत होती. कोकणातून नोकरीसाठी लखनौत आले तेव्हा पहिल्याच भाद्रपदात बाबा खडे शोधायला गोमतीवर गेले आणि गुडघाभर गाळ घेऊन परतले. त्या नदीत माती मिळते, खडा मिळत नाही. घरी सुलभाताई ताम्हन घेऊन उभ्या. बाबा तेव्हा ह्याच रेल्वे संशोधन संस्थेत रुळांच्या विभागात तरुण इंजिनियर, दिवसभर गिट्टीच्या चाचण्या करायचे, म्हणजे रुळांखाली अंथरतात त्या फोडलेल्या दगडांच्या. ते तसेच साईडिंगला, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळांकडे, गेले आणि ढिगातून सात दगड घेऊन आले. तेव्हापासून ह्यांच्या गौरी गिट्टीच्या. ज्या माणसाने आयुष्यात ऑफिसची पेन्सिल घरी आणली नाही, त्याच्या घरात वर्षातून तीन दिवस रेल्वेचे सात दगड हळदीकुंकू लावून बसत. तिसऱ्या दिवशी बाबा ते पाण्यात बुडवून काढत आणि मोजून परत ढिगावर ठेवून येत. गौरीचं विसर्जन झालं आणि सरकारचं देणंही फिटलं.

“अनघा,” त्यांनी हाक मारली. “सॅकचं वजन काय भरलं?”

“नऊ किलो, बाबा.”

“चालवून बघितलीस? भरलेली?”

“रोज सकाळी. तांदळाची पाकिटं भरून कॉलनीला चकरा मारते.”

“म्हणून डब्यात तांदूळ नाही होय,” आतून आईंचा आवाज आला.

बाबा हसले नाहीत. चाचणीच्या गोष्टीत ते कधीच हसत नसत. “गेटवरचा गार्ड मला विचारत होता. ‘साहब, बहूजी का ट्रांसफर हो गया क्या?’ मी म्हटलं, तसंच समज. तर नऊचे आठ कर. नको असलेला एक ग्रॅमसुद्धा घेऊ नकोस. रिकामी गाडी कुणीही पळवतो, भरलेली पळवताना कळतं.”

ते बाजूने आहेत की विरोधात, हे यावरून कुणालाही सांगता आलं नसतं. त्यांचं असंच होतं.

दुपार कलल्यावर मुहूर्त होता. हवेत अशी उमस होती, की रेशमी साडी पाठीला चिकटली. क्वार्टरच्या मागच्या नळाखाली सात दगड मांडले होते. अनघाने त्यांना हळदकुंकू वाहिलं, ताम्हनात तांदळावर ठेवले, वर खण झाकला. मग ओंजळीत पाणी घेऊन तोंडात भरलं आणि ओठ मिटले. आता देवघरात ताम्हन टेकेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचंही नाही.

बाबा घंटा वाजवत पुढे. मागून अनघा. तिच्या शेजारी हळदीकुंकवाचा करंडा घेतलेल्या आई, एका हाताने भिंत धरत. मागे प्रथमेश, मोबाईल घेऊन आर्यन, आणि कल्पनाताई. दारात आईंनी तिच्या पायावर दूध-पाणी घातलं. त्यानंतर घरातली प्रत्येक जागा गौरीला दाखवायची. सासूने विचारायचं, ‘गौरी गौरी, काय पाहिलंस?’ आणि गौर आणणारीच्या तोंडात पाणी, म्हणून तिच्या वतीने घरच्या माहेरवाशिणीने म्हणायचं, ‘उदंड पाहिलं.’ मगच पाऊल पुढे टाकायचं.

स्वयंपाकघरात आईंनी विचारलं, “गौरी गौरी, काय पाहिलंस?”

“उदंड पाहिलं,” ताई म्हणाल्या, आणि त्याच दमात, “आणि पुढच्या वर्षी कोण पाहणार तेही विचार, आई.”

“कल्पना, आत्ता नको.”

“आत्ताच. एरवी ही बोलू कुठे देते? आज निदान ऐकून तरी घेईल.”

हे मात्र खरं होतं. अनघाच्या तोंडात पाणी होतं आणि पाण्यामागे उत्तरं दाटून उभी होती. तिने आईंनी डब्याला कुंकू लावायची वाट पाहिली आणि चालू लागली. बाबांनी घंटा जरा जोरात वाजवली.

आर्यनच्या खोलीशी ताई म्हणाल्या, “उदंड पाहिलं. ह्या पोराचं काय? ह्याला जेवायला कोण घालणार?”

“आत्या, मैं उन्नीस का हूँ,” आर्यन मोबाईलमागून म्हणाला. “मॅगी बना लेता हूँ. और आई जा रही हैं, गुज़र थोड़ी रही हैं.”

“मराठीत बोल आणि शुभ बोल.”

“बरं,” आर्यन म्हणाला. “आई जाणार. मला चांगलं वाटतंय. बस.”

अनघाला हसू आलं आणि पाणी घशाशी आलं. तिने जीभ टाळूला दाबून धरली. पाणी आता कोमट झालं होतं.

शेवटची जागा अनघा-प्रथमेशची झोपायची खोली, तिथून मग देवघर. कपाटाला टेकून ती निळी सॅक उभी होती, तांदळाने फुगलेली. तिला बघून सगळेच थबकले. आईंनी विचारलं, “गौरी गौरी, काय पाहिलंस?”

ताई गप्प.

आईंनी पुन्हा विचारलं.

“मी नाही म्हणणार,” ताई म्हणाल्या.

घंटा थांबली. उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि ताम्हन खाली ठेवायचं नाही, त्यामुळे अनघा खोलीच्या मधोमध सात दगड धरून उभी राहिली. गिट्टीला वजन असतं.

“कल्पना, गौर वाटेत उभी आहे,” आई म्हणाल्या.

“असू दे. आई, तूच सांग हिला. ह्या घरात सुनेच्या हातून गौर येते. तुझ्यापासून आजपर्यंत एक वर्ष चुकलं नाही, हे तूच आम्हाला सांगत आलीस. ही नोकरी सोडो, नवरा सोडो—”

“नवरा कुठे सोडतेय?” प्रथमेश म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य.

“मग तू का गप्प आहेस? तुला चाललंय हे?”

“नाही चालत.” तो सॅककडे बघत होता. “मला वाईट वाटतंय. वीस-बावीस वर्षं झाली लग्नाला. हिने मला एकदाही म्हटलं नाही, की तू पण चल.”

अनघाने त्याच्याकडे मान वळवली. बोलता आलं असतं तर तिने तारीखवार सांगितलं असतं. गच्चीवर कपडे काढताना म्हटलं होतं. त्याच्या वाढदिवसाला जेवून परत येताना म्हटलं होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसती बघत राहिली. डोळ्याला डोळा भिडवून, हलली नाही. इतका वेळ नवऱ्याकडे तिने कित्येक वर्षांत पाहिलं नसेल, आणि त्यानेही तिच्याकडे.

प्रथमेशनेच आधी नजर खाली घातली.

“म्हटलं होतंस,” तो म्हणाला. “गच्चीवर. मी ‘बघू’ म्हणालो.” मग तो म्हणाला, “दोन्ही वेळा ‘बघू’च म्हणालो. प्रमोशनचं सांगितलंस तेव्हाही.”

“घ्या,” ताई म्हणाल्या. पण आवाजातली धार गेली होती. मग एकदम त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. “तुम्हा सगळ्यांना सोपं आहे रे. आमचा निनाद लग्न करून वेगळा राहायला गेल्यापासून माझं घर कसं झालंय तुम्हाला माहीत आहे. सासूबाई अंथरुणावर. इथे आईबाबांना काही झालं, तर आजवर मला एक विश्वास होता, की अनघा आहे. उद्या फोन आला तर मी नागपूरहून कशी येऊ? मला नाही जमणार, अनघा. मी गौरीचं बोलते आहे खरी, पण मला नाही जमणार.”

वर्षानुवर्षं टोचून बोलणाऱ्या या बाईला आपला इतका आधार वाटत होता, हे अनघाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला वाईट वाटलं. जायचं मात्र होतंच. दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकदमच होत्या आणि त्या एकमेकींना खोडत नव्हत्या.

आईंनी करंडा टेबलावर ठेवला आणि सुनेकडे पाहिलं. अनघाने ताम्हन घट्ट धरलं. आता येणार ते.

“मलाही ही जावी असं वाटत नाही,” आई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? हिच्याशिवाय मला माझी सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली, ते कळत नाही. वर्षभराने ही येईल तेव्हा मी कशी असेन, देव जाणे. पण कल्पना, गौरीच्या नावाने हिला अडवायचं नाही. अडवायचं तर मी माझ्या नावाने अडवीन. आणि मी अडवत नाहीये.”

“पण खंड पडेल ना, आई.”

“सुनेच्या हातचा खंड एकदा पडलाय,” आई म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. “अहो, सांगा तिला.”

बाबांनी घंटेचा लोलक बोटांत धरला. “आता काय ते उकरायचं?”

“सांगा.”

“तू झालीस त्या वर्षी,” बाबा कल्पनाताईंना म्हणाले. “आवाहनाच्या आदल्या दिवशी झालीस. ही रेल्वेच्या इस्पितळात. गावाहून कुणाला यायला सवड नव्हती, आणि सोयरात गौर आणत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. मग मीच आणल्या.”

“तुम्ही?” ताई म्हणाल्या. “तोंडात पाणी धरून?”

“रीत ती रीत. दार लावून घेतलं होतं. निम्म्या वाटेत शिंक आली, पाणी गेलं. परत नळावर गेलो, पहिल्यापासून सुरुवात केली. चाचणी फसली की पहिल्यापासूनच करायची असते.”

“आणि काय पाहिलंस, ते कुणी विचारलं?”

“घरात दुसरं कोण होतं? मनातच विचारलं.” त्यांनी लोलक बोटांत फिरवला. “इस्पितळात तुला बघूनच आलो होतो. उत्तर सोपं होतं.”

कल्पनाताईंनी पदर तोंडाला लावला. आर्यनने मोबाईल खाली केला होता.

“पुरुषाने गौर आणली म्हणून कॉलनी हसेल, एवढ्यासाठी आम्ही गप्प बसलो,” आई म्हणाल्या. “पुढे मीच खंड नाही, खंड नाही म्हणत राहिले. आणि तेही खोटं नाही. गौर आलीच होती.”

“मग पुढच्या वर्षी मी आणतो,” प्रथमेश म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा तो कानशिलापर्यंत लाल झाला, पण मागे हटला नाही. “दार लावून नाही. उघडं ठेवून. आत्याला, म्हणजे ताईला, यावंच लागेल उत्तर द्यायला.” मग अनघाकडे न बघता तो म्हणाला, “आणि बघू म्हणत नाहीये मी.”

अनघाचे डोळे भरून आले. हात गुंतलेले, तोंड बंद, ते पुसणारही कशाने? तिने ते तसेच वाहू दिले.

आईंनी करंडा उचलला. गुडघ्यावर हात देत त्या सॅकपाशी वाकल्या आणि निळ्या कापडावर कुंकवाचं बोट उमटवलं.

“आजी, वो धुलेगा नहीं,” आर्यन म्हणाला.

“आत तांदूळ आहे. धान्याला कुंकू लावायचंच असतं,” आई म्हणाल्या आणि सरळ झाल्या. “हं. गौरी गौरी, काय पाहिलंस?”

ताई पलंगावरून उठल्या. नाक ओढलं, पदर नीट केला.

“उदंड पाहिलं,” त्या म्हणाल्या.

घंटा पुन्हा वाजायला लागली. देवघरात पाटावर ताम्हन टेकलं तेव्हा अनघाचे दोन्ही खांदे भरून आले होते. मागच्या दारी तुळशीत तिने चूळ टाकली. तोंड मोकळं झालं. पाण्यामागे दाटलेली सगळी उत्तरं आता सुटी झाली होती, आणि बघते तो त्यांतल्या एकाचीही गरज उरली नव्हती. मागे सगळे उभे होते, ती काय बोलते त्याची वाट बघत.

“मी दसरा झाला की निघते,” ती म्हणाली. “ताई, रोज सकाळी तुम्हाला फोन करीन. आईबाबांची खबर तुम्हाला आर्यन कळवेल. आणि शेपूत लसूण जरा जास्त घालू या, काड्या आहेत खऱ्या.”

“मी काय सांगत होते मग,” ताई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ताईंची गाडी संध्याकाळची होती. जायच्या आधी त्यांनी अनघाला बाजूला घेऊन तिकडच्या संडासांची सविस्तर चौकशी केली आणि उरलेली बर्फी सॅकमध्ये भरायला लावली. प्रथमेश त्यांना चारबाग स्टेशनला सोडायला गेला. जाताना त्याने अनघाला विचारलं होतं, की तुर्कस्तानात मे महिन्यात थंडी असते का, म्हणजे पंधरा दिवसांची रजा टाकली तर कुठले कपडे लागतील. तिने मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही. जरा राहू दे त्याला वाट बघत, असं तिला वाटलं, आणि मग तिने त्याला यादी पाठवली.

ऊन उतरल्यावर बाबा दगडांची पिशवी घेऊन निघाले. या वर्षी त्यांनी अनघाला सोबत बोलावलं. कॉलनीच्या टोकाला कुंपणाशी साईडिंगचा तो गिट्टीचा ढीग होता. ढीग अनेकदा संपला होता आणि पुन्हा आला होता, जागा तीच होती. पलीकडून एक मालगाडी संथपणे चालली होती. ती पूर्ण जाईपर्यंत बाबा उभे राहिले. मग वाकून एकेक दगड ढिगावर ठेवू लागले, हळदीची बाजू वर करून.

“बाबा, सहाच ठेवलेत.”

“माहीत आहे.” त्यांनी पिशवीतून सातवा काढला आणि तिच्यापुढे धरला. “हा सॅकमध्ये टाक. अगदी तळाशी.”

“नको असलेला एक ग्रॅमसुद्धा घेऊ नकोस, असं तुम्हीच म्हणालात.”

“म्हणालो होतो.”

“आणि रेल्वेची मालमत्ता?”

“म्हणून तर,” बाबा म्हणाले. “भेट म्हणून देत नाहीये. न्यायला देतोय. वर्षभराने आणून ह्याच ढिगावर ठेवायचा. मी असेन, नसेन. ढीग इथेच असेल.”

अनघाने दगड घेतला. मुठीएवढाच होता, एक कड चांगली धारेची, आणि त्याच्यावरची हळद बोटांना लागत होती. तिने तो पदराच्या टोकात घट्ट बांधला.

“मी आणून ठेवीन,” ती म्हणाली. “पण मोजून तुम्ही घ्यायचं.”

“बघू.”

“बघू नाही, बाबा.”

बाबांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मालगाडीचा शेवटचा डबा दूर वळणावर दिसेनासा झाला होता, तिकडे ते थोडा वेळ पाहत राहिले.

“बरं,” ते म्हणाले. “मोजून घेईन.”